पिवळं पत्रक आणि हिरवा गाऊन

मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली, त्यातलं एक खोटं होतं. बाकीची कशी होती ते ज्यांच्याविरुद्ध लिहिली त्यांनी सांगावं. पण या एकाबद्दल मलाच लिहिलं पाहिजे, कारण ते खोटं मी अगदी मनापासून, रागानं थरथरत आणि ठळक टायपात छापलं होतं. त्या दवाखान्याचं नाव इथं देत नाही. एकदा दिलं होतं, तेवढं पुरे.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. झरीला घरी राहायचे आणि सकाळच्या एसटीनं परभणीला जायचे. आमची संघटना म्हणजे सहा जण, एक बॅनर आणि एक भोंगा, तोही बॅटरी उतरली की बदकासारखा ओरडायचा. दवाखान्यातल्या रांगा, बाहेरून आणायला लावलेली औषधं, लुगड्यातल्या बाईला 'ए बाई, सरक' म्हणणं, यावर आम्ही लिहायचो. अर्ध्या पानाचा पिवळा कागद, वर प्रश्नचिन्हाचं शीर्षक, खाली 'जाहीर निषेध'. जगात दोनच तऱ्हेची माणसं आहेत अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती: ज्यांच्यासाठी पत्रक काढायचं ती, आणि ज्यांच्याविरुद्ध काढायचं ती. आता तिशी ओलांडली. समजूत गेली, सवय गेली नाही. हे लिहितानाही दोनदा 'निषेध' खोडलाय.

घरात मात्र माझ्या भोंग्याला कुणी विचारत नसे. घरात आवाज आईचा. मला जाग यायची तीच परातीत भाकरी थापण्याच्या आवाजानं. मग खलबत्त्यात लसूण, मग गोठ्यातल्या गाईला शिव्या, मग गल्लीपलीकडच्या चुलतीशी भांडण की गप्पा हे कळू नये अशा वरच्या पट्टीतलं बोलणं. वत्सला नाव, पण गावात वच्छलाबाई. ती कशालाच भीत नाही असं सगळी झरी म्हणायची, आणि तिलाही ते ऐकायला आवडायचं. एकदा चुलीमागं नाग निघाला. तिनं त्याच्यावर घागर पालथी घातली आणि साप धरणारा पोरगा मोटारसायकलवर येईपर्यंत एक हात घागरीवर ठेवून दुसऱ्या हातानं मेथी निवडत बसली. बापू, म्हणजे माझे वडील, उंबऱ्याबाहेर उभे. ती म्हणाली, "तुमी कामून उभे राहिलात? त्यो काय तुमाला भेटाया आला न्हाई." अशी ती. तिच्या हाताच्या येसराच्या आमटीला वास असा की एसटीतून उतरलं की नाकानंच घर सापडावं. भाजलेल्या डाळी-धान्याचं ते मसालेदार पीठ, वरून लसणाची फोडणी आणि तेलाचा तवंग. ती आमटी ती आम्हाला वाढायला लागली आणि स्वतः कण्या-ताक घेऊन बाजूला बसायला लागली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मी त्या दिवसांत लोकांचं दुखणं शोधत जिल्हाभर फिरत होते.

एके दुपारी ती कापसाच्या गंजीला टेकून वाकडी झाली. सोनोग्राफीत निघालं, पित्ताच्या पिशवीत खडे. ऑपरेशनचा दिवस ठरला. त्या दिवशी मी सेलूच्या बाजारात पत्रकं वाटत होते. हे वाक्य मी असंच सुटं ठेवते.

संध्याकाळी घरी आले तर आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मला वाटलं, तारीख बदलली. "काय झालं गं?" तर शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "आत घेतलंच न्हाई. सिस्टर म्हणली, आज जमायचं न्हाई, जा घरी. दारातूनच परत लावलं." बापू खाली औषधाच्या दुकानात गेले होते. ते वर आले तर खाट रिकामी, आणि त्यांनाही सिस्टरनं एवढंच सांगितलेलं की बाई घरी गेल्या, आज ऑपरेशन नाही, आठवड्यात परत आणा. मला आणखी काय पाहिजे होतं? अर्ध्या तासात मजकूर तयार. शीर्षक: 'रुग्ण की गुरं?' आणि खाली: 'तीन नंबर वॉर्डातील उर्मट परिचारिकेने एका शेतकरी महिलेस ऑपरेशनच्या दारातून हाकलून दिले.' दवाखान्याच्या फाटकावर, एसटी स्टँडवर, झरीच्या गिरणीवर, सगळीकडं ते पिवळं झालं. गिरणीत बायका आईला म्हणायच्या, "वच्छलाबाई, तुमाला हाकललं? तुमाला?" आई पिठाचा डबा उचलून निघून यायची. घरी येऊन मला म्हणाली, "कामून छापलंस गं." मला तो तिचा मोठेपणा वाटला. मी आणखी प्रती काढल्या.

महिन्यानं दुखणं परत आलं, उलट्यांसकट. मी दुसऱ्या दवाखान्याची चौकशी सुरू केली. आई खाटेवर पोट धरून बसली होती, तशीच म्हणाली, "तिथंच जायचं. त्याच सिस्टरकडं." मला वाटलं, पत्रकाचा परिणाम! आता त्यांची बिशाद आहे का परत नाही म्हणायची?

मोरे सिस्टर पन्नाशीच्या पुढच्या, अंगानं भरलेल्या, चालताना चपलांचा फटफट आवाज. मी त्यांच्याविरुद्ध लिहिलं होतं, पण त्यांना पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं, हे मला कळलं. मग आईकडं वळल्या. "आलात? बरं केलंत." बस्स. आईनं पिशवीत हात घातला. भाकरीच्या फडक्याखालून एक हिरवं कापड निघालं, धुतलेलं, चार पदरी घडी घातलेलं. ऑपरेशनच्या वेळी घालतात तो गाऊन. सिस्टरनं तो उलगडून उजेडात धरला. "बाई, काय धुतलाय! आमच्या धोब्याला दाखवते आता." आणि कपाटात ठेवून दिला.

दारातून परत लावलेल्या बाईकडं आतला गाऊन कसा?

"आई," मी म्हणाले. बापू उठले. "मी पाणी आणतो," म्हणाले आणि पाण्याची भरलेली बाटली घेऊन बाहेर गेले. आई भिंतीकडं बघत होती. हळू आवाजात, जो तिचा आवाजच नव्हता, ती म्हणाली, "मला कुणी हाकललं न्हाई, आरते. मी पळाले."

मग जे झालं होतं ते तिनं सांगितलं. तिला आत नेलं होतं. ऑपरेशनच्या अलीकडच्या खोलीत ढकलगाडीवर झोपवलं होतं. नेहमीचे भुलीचे डॉक्टर त्या दिवशी रजेवर, एक तरुण डॉक्टर बदलीवर आलेला, घाईत. 'भिऊ नका, काही होत नाही' म्हणत त्यानं एकदम मास्क तोंडावर धरला. आईनं तो झटकला. पुन्हा धरला, तिनं पुन्हा झटकला. मग त्यानं दोघांना हाक मारली, बाईचे हात धरा म्हणून. तेव्हा मोरे सिस्टर मध्ये आल्या. वॉर्डातली सिस्टर आतपर्यंत जात नाही, पण या जायच्या. ती त्यांची पद्धत. त्या म्हणाल्या, "हातपाय धरून भूल द्यायची न्हाई. माझा पेशंट हाय." आणि आईच्या खांद्यावर तिचीच साडी टाकून तिला मागचा जिना दाखवला. "म्हणली, साडी नेसा आणि वॉर्डात जाऊन बसा, मग बोलू. मी गाऊनवरच साडी गुंडाळली आन् एष्टीत जाऊन बसले." इथं आईला जरा हसू आलं. मला नाही.

मी सरळ सिस्टरच्या टेबलाशी गेले. त्या इंजेक्शनच्या ट्रेमध्ये काहीतरी मोजत होत्या. मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत? माझं पत्रक वाचलं नाही का?"

"वाचलं की. फाटकावरच लावलं होतंस. वरून खुलासा पण मागितला मला."

"मग काय लिहून दिलंत?"

"गैरसमज झाला असावा."

"पण खरं का नाही लिहिलं?"

त्यांनी ट्रे बाजूला सारला. "काय लिहू खरं? झरीची वच्छलाबाई भ्याली म्हणून लिहू? तू वाचलं असतंस, तुज्या गावानं वाचलं असतं. मग ती परत आली असती का हितं? खडे पोटात घेऊन बसली असती, पण आली नसती. मला माझा पेशंट परत पाहिजे होता, पोरी. माझं नाव काय, धुतलं की निघतं. तुज्या आईनं गाऊन धुतला तसं."

मी पत्रकी माणूस. चूक झाली की दुरुस्ती छापायची, एवढं मला येत होतं. म्हणाले, "मी उद्याच खुलासा छापते. चूक माझी आहे."

"खबरदार." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्यात आईची भीती छापावी लागंल. ती काय तुजी हाय छापायला?"

  बोलायची सवय असलेल्या माणसाला गप्प राहणं हे अंगातून काटा काढल्यासारखं असतं. मी ते त्या टेबलाशी उभं राहून शिकायला सुरुवात केली.

त्या वॉर्डात मी मग दोन दिवस बसून होते आणि बघत होते. पूर्वी दवाखान्यात मी दोष टिपायला जायचे. वही तीच होती, पण लिहायला वेगळंच सापडत होतं. मोरे सिस्टरच्या वॉर्डात 'भिऊ नका' म्हणायला बंदी होती. एका शिकाऊ नर्सच्या तोंडून ते निघालं, तर तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "भिऊ नका म्हणलं की माणूस दोनदा भितं. एकदा ऑपरेशनला, आन् एकदा आपण भ्यालो ह्याला. इचारायचं, कशाचं भ्या वाटतंय? मग गप ऐकायचं." कुणी म्हणायचं, शुद्धीवर येणारच नाही. कुणी, कपडे कोण काढणार. एक म्हातारी म्हणाली, माझ्या मागं म्हैस कुणाला पान्हा सोडणार न्हाई. जे सांगतील ते सिस्टर केसपेपरच्या मागं पेन्सिलीनं एका शब्दात लिहायच्या आणि तो कागद भुलीच्या डॉक्टरांकडं जायचा. ऑपरेशन झालं की रबरानं खोडून टाकायच्या. मी विचारलं, पेन्सिल का? "कागद पुढं कुठंकुठं जातो. त्याच्यासंगं माणसाची भीती कामून पाठवायची?"

आईच्या कागदामागं पहिला दिवस काही नव्हतं. आईनं 'कशाचंच न्हाई' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कादरी डॉक्टर आले. त्या दिवशी रजेवर असलेले भुलीचे डॉक्टर ते हेच. बारीक चणीचे, खिशात वेलदोडे, परभणीतलेच असल्यानं बोलणं अर्धं आपलं अर्धं दखनी. स्टूल ओढून आईच्या खाटेशी बसले, जसं काही त्यांना दुसरं काम नव्हतं. तिला एक वेलदोडा दिला. "हौ, खा. उपाशी उद्या राहायचं." मग खिशातून तसलाच, सोंडेसारख्या नळीचा मास्क काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "ह्ये घ्या. आज तुमच्याकडंच राहू दे. बघा, वास घ्या, तोंडाला लावा, नक्को वाटलं तर फेका. मी उद्या येतो मागायला."

आईनं तो मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला. समोरच्या खाटेवरची म्हातारी, तीच म्हशीवाली, म्हणाली, "लाव की वच्छला, हत्ती दिसतीस का बघू." वॉर्ड हसला. आईनं तो तोंडाला लावला आणि लगेच काढला. पुन्हा लावला. तिचे डोळे मोठे झाले होते. मग तो मांडीवर ठेवून ती कादरी डॉक्टरांना म्हणाली, "पेवात असंच झालतं."

मला हे माहीत नव्हतं. तेवीस वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं आणि मला माहीत नव्हतं. तिचं माहेर मानवतकडचं. तिच्या लहानपणी तिथं ज्वारी पेवात ठेवायचे: जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद, आत रांजणासारखं फुगलेलं. तळाची ज्वारी काढायला लहान पोरांना दोरानं खाली सोडायचे. कोंडलेल्या पेवात हवा वाईट होते, म्हणून आधी कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. वर तिचा मोठा भाऊ दोर धरून बसायचा आणि हाक मारत राहायचा, "वच्छे, हायेस का?" खालून तिनं म्हणायचं, "हाय!" एक दिवस घाईत कुणी कंदील सोडला नाही. "आंबूस गरम वास आला बगा. तोंडावर कुणी उशी दाबल्यावानी. दादाची हाक ऐकू यायली, आन् मला 'हाय' म्हणाया येईना. मला कळायलं सगळं, पर आवाजच न्हाई." भावानं दोर ओढला. ती वाचली. नऊ वर्षांची होती. त्यानंतर तिनं ठरवलं की आता कशालाच भ्यायचं नाही, आणि चाळीस-एक वर्षं ते पार पाडलं.

कादरी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "भावाला अक्कल होती. दोर सोडला नाही." सिस्टरनं कागदामागं लिहिलं: पेव.

सकाळी आईला ढकलगाडीवर घेतलं. मला जमिनीवरच्या लाल पट्टीपर्यंतच परवानगी, पण सिस्टरनं दार जरा वेळ उघडं ठेवलं. मुद्दाम की कसं, मी विचारलं नाही. चष्मा, जोडवी, बांगड्या सगळं काढलेलं, त्यामुळं आई लहान दिसत होती. कादरी डॉक्टरांनी तिच्या बोटाला वायर असलेला चिमटा लावला. कोपऱ्यातलं यंत्र टुक टुक वाजायला लागलं.

"वच्छलाबाई, हा दोर. एक टोक तुमच्या बोटाला, दुसरं माझ्याकडं. ऐकायलात ना टुक टुक? तुमचं 'हाय' म्हणणं हेच. तुमाला बोलाया नाही आलं तरी हे बोलणार, आन् मी ऐकत बसणार. पोटात बघणारे साहेब वेगळे. माझं काम एकच, दोर धरणं."

"आन् कंदील?" आई म्हणाली. 

"आधी कंदीलच. ह्यातनं पयले नुसती चांगली हवा येणार. तुमीच धरा हातानं. नक्को वाटलं की काढा."

तिनं मास्क स्वतःच्या हातानं धरला. सिस्टरनं तिचा दुसरा हात धरला, दाबून नाही, नुसता हातात हात. दार लागता लागता मला कादरी डॉक्टरांचा आवाज आला, "वच्छे, हायेस का?" आणि मास्कच्या आतून, घोगरं, "हाय."

मी आणि बापू बाहेर लिंबाखाली बसलो. बापूंनी भाकरीचं फडकं सोडलं आणि परत बांधलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. "तुम्हाला माहीत होतं का, पेवाचं?" मी विचारलं. ते म्हणाले, "झोपेत 'हाय' म्हणती कधीकधी. मी आपला 'बरं' म्हणतो."

ढकलगाडी बाहेर आली तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते. सिस्टर वाकून हाक मारत होत्या, "वच्छे, ए वच्छे, हायेस का?" दोनदा काही नाही.  तिसऱ्या हाकेला ओठ हलले. "हाय की," आई म्हणाली, जरा चिडूनच. "किती येळा सांगू."

पुढं तीन दिवसांनी शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई आली. अपेंडिक्सचं ऑपरेशन. रात्रीपासून रडत होती, सकाळी उठून चपला शोधायला लागली. सासू म्हणत होती, भागूबाई कुठली, गावात काय सांगू. मी उठणार होते भाषण द्यायला. तेवढ्यात आई टाक्यांवर हात ठेवून उठून बसली आणि आपल्या नेहमीच्या, गल्लीपलीकडं जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "मी तर पळूनच गेलते, बाई. गाऊनवर साडी गुंडाळून, एष्टीत बसून. कंडक्टर म्हणला, मावशी, आतून हिरवं काय दिसायलंय?" अख्खा वॉर्ड तिच्याकडं वळला. म्हशीवाली म्हातारी, जी आईला वाघीण समजत होती, तीही. आईनं टेबलाकडं बघून हाक मारली, "सिस्टर, त्यो हत्ती आणा जरा हिच्यासाठी." ती पोरगी चपला हातात घेऊन तशीच खाटेवर बसली.

मग आई मला म्हणाली, "आरते, कागद काढ. आता छाप."

मी सिस्टरकडं पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. भीती आता मालकिणीच्या ताब्यात होती. मी वर प्रश्नचिन्हाचं शीर्षक टाकलं, तर आई म्हणाली, "प्रश्न कशाला? मला काय इचारायचं न्हाई." खाली 'निषेध'ही नको झाला. तिनं सांगितलं आणि मी एक शब्द न बदलता लिहिलं:

'मी वच्छलाबाई, झरीची. मला कुणी हाकललं न्हाई. मी भ्याले आन् पळाले. तीन नंबरच्या सिस्टरनं मला जिना दाखवला आन् कुणाला सांगितलं न्हाई. मी परत आले. खडे निघाले. तुमाला भ्या वाटत असंल तर कशाचं ते सांगा. हितं इचारतात.'

त्याच छापखान्यात, त्याच पिवळ्या कागदावर छापलं. जिथं जिथं पहिलं लावलं होतं तिथं तिथं जाऊन लावलं, गिरणीवरसुद्धा. आई स्वतः दळण घेऊन गेली त्या दिवशी, आणि कुणी काय म्हणालं ते मला सांगितलं नाही. पण रात्रीच्या आमटीत येसर जरा जास्तच पडलं होतं, आणि तिनं स्वतःच्या ताटात पळीभर घेतलं.

दोन महिन्यांनी मला फोन आला. मोरे सिस्टर. माझं हे एकच पत्रक, जे संपलं म्हणून कुणी परत मागितलं. "पोरी, अजून पाठव. आत न्यायच्या आधी हातात देते एकेकीला. आन् ऐक, ह्या बारीनं अक्षर मोठं काढ. चष्मे आमी बाहेर काढून ठिवतो."